सिगारेट-धूम्रपानाचे दीर्घकालीन दुष्परिणाम : संशोधनाचा इतिहास

सिगारेटच्या धुरातील विषारी द्रव्यांमुळे फुप्फुसे, हृदय व रक्तवाहिन्या यांना होणारे विकार आज सर्वज्ञात आहेत. परंतु हा कार्यकारणसंबंध सिद्ध होण्यास विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला. सवय लागणे आणि रोग प्रकट होणे यांत अनेक दशकांचे अंतर पडते, हे या विलंबाचे मुख्य कारण होय.

तंबाखूचा वापर जुना असला, तरी सिगारेटचा सार्वत्रिक प्रसार जेम्स बॉन्सॅक यांच्या यंत्राचे एकस्व (१८८१) आणि पहिले महायुद्ध यांनंतरचा आहे. पाइप वा चिरूट यांच्या मानाने सिगारेटचा धूर सौम्य असल्याने तो छातीत खोलवर ओढला जातो. इंग्लंड व वेल्समध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाने १९२२ मध्ये ६१२ मृत्यू झाले होते. १९४७ मध्ये ही संख्या ९,२८७ झाली. निदानपद्धतींतील सुधारणेने एवढ्या वाढीचा उलगडा होत नव्हता. मोटारींचा धूर व रस्त्यांवरील डांबर यांवर प्रथम संशय होता. जर्मनीत फ्रांट्‌स म्यूलर यांनी १९३९ मध्येच तंबाखूकडे बोट दाखविले होते; परंतु युद्धामुळे त्या कार्याकडे दुर्लक्ष झाले.

ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल (१८९७–१९९१) हे सांख्यिकीविज्ञ व रिचर्ड डॉल (१९१२–२००५) हे वैद्य यांनी लंडनमधील वीस रुग्णालयांत कर्करोगाचे ७०९ रुग्ण व तितकेच इतर रुग्ण यांची तुलना केली (१९५०). कर्करोगाच्या ६४९ पुरुष रुग्णांपैकी केवळ दोघे, तर तुलनेसाठी घेतलेल्या तितक्याच पुरुषांपैकी २७ जण धूम्रपान न करणारे निघाले. प्रारंभी कर्करोगाचे म्हणून नोंदलेल्या, परंतु पुढे निदान चुकीचे ठरलेल्या रुग्णांच्या सवयी इतर रुग्णांसारख्याच आढळल्या. त्यामुळे पाहणी करणाऱ्यांच्या पूर्वग्रहाची शंका बरीचशी दूर झाली. काम चालू असतानाच डॉल यांनी स्वतः धूम्रपान सोडले. याच वर्षी अमेरिकेत अर्न्स्ट वाइंडर व शल्यविशारद एव्हार्ट्‌स ग्रेअम यांनी तसाच निष्कर्ष काढला. ग्रेअम हेही दीर्घकाळ सिगारेट ओढत असत. १९५७ मध्ये ते फुप्फुसाच्या कर्करोगानेच मरण पावले.

आजाऱ्याला मागचे विचारण्याऐवजी निरोगी माणसांची सवय आधी नोंदवून मग वाट पाहणे, हा पुढील टप्पा होय. यासाठी हिल यांनी ब्रिटिश डॉक्टरांची निवड केली, ती मार्मिक होती. त्यांची नावे नोंदवहीत असल्याने त्यांचा माग काढणे सोपे होते व त्यांच्या मृत्यूच्या कारणांची नोंदही विश्वसनीय असे. १९५१ च्या अखेरीस पाठविलेल्या प्रश्नपत्रिकेला उत्तरे देणाऱ्यांपैकी ३४,४३९ पुरुष डॉक्टरांचा मागोवा घेण्यात आला. १९५४ च्या पहिल्या अहवालातील फुप्फुसाच्या कर्करोगाने झालेले सर्व ३६ मृत्यू धूम्रपान करणाऱ्यांचे होते.

तरीही विख्यात सांख्यिकीविज्ञ आर्. ए. फिशर यांनी आनुवंशिक घडणीमुळेच सवय व रोग दोन्ही संभवतात, असा आक्षेप १९५७ च्या सुमारास घेतला. ते पाइप ओढत व तंबाखू उत्पादकांच्या समितीचे सल्लागार होते. मात्र त्यांचा आक्षेप तर्कदृष्ट्या पोकळ नव्हता. त्याला उत्तर मिळाले ते धूम्रपान सोडणाऱ्यांकडून : आनुवंशिक घडण तीच राहूनही त्यांचा धोका कमी होत गेला. रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सचा अहवाल (१९६२) व अमेरिकेच्या सर्जन जनरलचा अहवाल (१९६४) यांनंतर वैद्यकीय वाद जवळजवळ संपुष्टात आला.

कर्करोगाखेरीज इतर हानीचे प्रमाणही थोडे नव्हते. चार्ल्स फ्लेचर व रिचर्ड पेटो यांनी पश्चिम लंडनमधील ७९२ पुरुषांच्या आठ वर्षांच्या पाहणीवरून (१९७७) असे दाखविले, की काही धूम्रपान करणाऱ्यांची श्वसनक्षमता लक्षणे जाणवण्यापूर्वीच वर्षानुवर्षे घटत जाते. गेलेली क्षमता पुन्हा येत नाही; सवय सुटली, तर पुढील घट मात्र मंदावते. डॉक्टरांच्या पाहणीचा पन्नास वर्षांचा अहवाल २००४ मध्ये निघाला, तेव्हा डॉल ९१ वर्षांचे होते. १९०० ते १९३० च्या दरम्यान जन्मलेल्या व अखेरपर्यंत सिगारेट ओढणाऱ्यांचे आयुष्य सरासरीने सु. दहा वर्षांनी घटले होते. पन्नाशीत सवय सोडणाऱ्यांनी त्यांपैकी सु. सहा, तर तिशीत सोडणाऱ्यांनी जवळजवळ सर्व वर्षे वाचविली.

भारतात तंबाखूचा प्रश्न सिगारेटपुरता कधीच नव्हता. मुंबईत एल्. डी. संघवी, के. सी. एम्. राव व वसंत रामजी खानोलकर यांनी १९५५ मध्येच धूम्रपान व तंबाखू चघळणे यांचा तोंड-घशाच्या कर्करोगाशी असलेला संबंध मांडला होता. त्याच शहरात १९९१ मध्ये सुरू झालेल्या मोठ्या पाहणीत विडी ओढणाऱ्यांचा मृत्यूचा धोका सिगारेट ओढणाऱ्यांपेक्षा कमी नसून अधिक आढळला. १९७५ च्या कायद्याने वैधानिक इशारा सिगारेटच्या पाकिटांवर छापणे सक्तीचे झाले, पण विडी त्यातून वगळली गेली होती. ती उणीव २००३ च्या कायद्याने दूर केली.