प्रोसेसरची पाळी कोणाची?

साठच्या दशकाच्या सुरुवातीला संगणकाकडून उत्तर हवे असेल, तर पंच केलेल्या कार्डांचा गठ्ठा ऑपरेटरच्या हवाली करावा लागे. निकालाचा कागद काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी हाती येई. एखादे चिन्ह चुकले असेल तर पुन्हा गठ्ठा, पुन्हा वाट पाहणे. यंत्र अतोनात महाग होते. ते क्षणभरही रिकामे राहता कामा नये, मग माणसांचे तास वाया गेले तरी हरकत नाही, असा तो व्यवहार होता. १९५९ मध्ये ब्रिटनमध्ये क्रिस्टोफर स्ट्रेची आणि अमेरिकेत जॉन मॅकार्थी यांनी आपापल्या परीने तो मोडण्याची कल्पना मांडली: प्रोसेसरचा वेळ बारीक तुकड्यांत कापून अनेकांमध्ये वाटायचा.

नोव्हेंबर १९६१ मध्ये एमआयटीत फर्नांडो कॉर्बातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयबीएम ७०९ या यंत्रावर तसे करून दाखवले. त्यांच्या प्रणालीचे नाव सीटीएसएस, म्हणजे कंपॅटिबल टाइम-शेअरिंग सिस्टिम. ‘पुढची पाळी कोणाची’ हा प्रश्न लगेच उभा राहिला आणि वाटपाचे नियम आखणे भाग पडले.

कॉर्बातोंचे उत्तर होते अनेक पातळ्यांच्या रांगा. त्या काळी एका वापरकर्त्याचा प्रोग्राम स्मृतीतून बाहेर काढून दुसऱ्याचा आत आणण्यातच बराच वेळ जाई. म्हणून आकाराने मोठा प्रोग्राम सुरुवातीपासूनच खालच्या रांगेत जाई. दिलेल्या वेळात काम न संपवणारा प्रोग्रामही एक पायरी खाली उतरे. खालच्या रांगेत पाळी उशिरा येई, पण आली की दर पायरीला दुप्पट वेळ मिळे. टर्मिनलवर एखादी ओळ टाइप करून उत्तराची वाट पाहणाऱ्याचे काम त्यामुळे चटकन उरके आणि लांबलचक आकडेमोडही अधूनमधून पुढे सरके. आजच्या बहुतेक शेड्युलरांमध्ये, म्हणजे पाळी ठरवणाऱ्या प्रोग्रामांमध्ये, या विचाराचा अंश सापडतो.

या रचनेत एक गोष्ट गृहीत होती. वाटणी प्रोग्रामांमध्ये होत होती, माणसांमध्ये नाही.

बेल लॅब्जमध्ये १९६९ पासून घडत गेलेल्या युनिक्सनेही हेच गृहीत धरले आणि उरलेला भार सौजन्यावर टाकला. तिथली ‘नाइस’ ही आज्ञा म्हणजे आपल्या कामाला मागे सारण्याची सोय. साध्या वापरकर्त्याला आपले प्राधान्य कमी करता येई. वाढवण्याचा अधिकार फक्त व्यवस्थापकाला. मागचा वापर यंत्र हळूहळू विसरत जाईल अशी तजवीजही पुढे झाली. पण एका माणसाने दहा प्रोसेस, म्हणजे दहा चालते प्रोग्राम, सुरू केल्या की त्याला दहा वाटे मिळत. वाड्यातल्या सामायिक नळावर एका बिऱ्हाडाने दहा हंडे लावले, तर माणशी न्यायाचे जे होते तेच इथे होत होते.

हे दुखणे नेमके ओळखले ते सिडनी विद्यापीठाने. गृहपाठ देण्याची मुदत जवळ आली की वर्गच्या वर्ग सामायिक यंत्रावर तुटून पडे आणि बाकीच्यांची कामे रखडत. तिथल्या ज्युडी के आणि पीयर्स लॉडर यांनी जानेवारी १९८८ मध्ये ‘फेअर शेअर’ शेड्युलरवरचा निबंध प्रसिद्ध केला. त्यांनी हिशेबाची वहीच माणसाच्या नावावर उघडली. प्रत्येकाचा वाटा ठरलेला. वापर त्याच्या खाती जमा होई आणि काळानुसार त्याचे वजन घटत जाई. एका वेळी जास्त प्रोसेस चालवल्या तर प्रत्येकीचे प्राधान्य त्या प्रमाणात उतरे. आदल्या दिवशी यंत्र मनसोक्त वापरणारा आज मागे राही, आणि क्वचित येणाऱ्याला तत्पर सेवा मिळे.

ही वही महासंगणकांच्या जगात आजही चालू आहे. पुण्याच्या आयसरमधल्या ‘परम ब्रह्म’सह जगभरच्या अनेक यंत्रांवर कामांची रांग स्लर्म हा प्रोग्राम लावतो. त्याच्या फेअर शेअर हिशेबात जुना वापर किती दिवसांनी निम्मा धरायचा, हे व्यवस्थापक ठरवतो. मूळ आकडा सात दिवसांचा आहे.

लिनक्स मात्र बराच काळ प्रोसेसच मोजत राहिला. इंगो मोल्नार यांचा सीएफएस हा शेड्युलर ऑक्टोबर २००७ मध्ये आला. पेशाने भूलतज्ज्ञ असलेले ऑस्ट्रेलियाचे कॉन कोलिवास यांच्या आधीच्या प्रयोगांनी त्याची वाट मोकळी केली होती. सीएफएसमध्ये ‘नाइस’च्या एका पायरीचा फरक असलेल्या दोन प्रोसेस वेळ साधारण ५५ विरुद्ध ४५ असा वाटून घेतात. पण पुन्हा प्रश्न तोच: दहा प्रोसेसवाल्याचे काय? बंगळुरूच्या आयबीएममधले श्रीवत्स वड्डागिरी आणि त्यांचे सहकारी यांनी प्रोसेसचे गट पाडून गटवार वाटप करण्याचे काम पुढे नेले, आणि जानेवारी २००८ च्या आवृत्तीत ते दाखल झाले. आता वाटणी आधी गटांमध्ये आणि मग गटाच्या आत होऊ लागली.

याचा एक परिणाम आजही अनेकांना चकवतो. गट वेगळे असले की ‘नाइस’चा आकडा फक्त आपल्या गटापुरता चालतो. एखाद्याने सद्भावनेने आपले काम १९ वर, म्हणजे सर्वांत खालच्या प्राधान्यावर, नेले, तरी शेजारच्या गटाला त्याचा काडीचाही लाभ नाही. गटालाच वजन द्यावे लागते.

वजन आणि कमाल मर्यादा यांतला फरकही असाच मोलाचा. वजन फक्त गर्दीत लागू होते. यंत्र मोकळे असेल तर कोणीही ते पूर्ण वापरावे. मर्यादा मात्र यंत्र रिकामे असतानाही अडवते. १०० मिलिसेकंदांत ५० ची मर्यादा असलेल्या प्रोग्रामचे चार धागे (थ्रेड) चार प्रोसेसरांवर एकदम धावले, तर साडेबारा मिलिसेकंदांतच कोटा संपतो आणि पुढचे साडेसत्त्याऐंशी मिलिसेकंद सगळे ताटकळतात. उत्तरे अडखळत येण्यामागे अनेकदा हेच कारण असते.

ऑक्टोबर २०२३ च्या लिनक्स ६.६ मध्ये पीटर झिल्स्ट्रा यांनी सीएफएसच्या जागी ईईव्हीडीएफ हा शेड्युलर आणला. त्यामागचे गणित आयन स्टॉइका आणि हुसेन अब्देल-वहाब यांनी १९९५ मध्येच मांडलेले. यात वाटा किती हे एकीकडे ठरते आणि पाळी किती लवकर हे दुसरीकडे. छोटा तुकडा मागणाऱ्या प्रोसेसला पाळी लवकर मिळते, पण एकूण वेळ वाढत नाही. तुकड्याची लांबी प्रोसेसने स्वतः सुचवण्याची सोय ६.१२ मध्ये आली. सामायिक सर्व्हरच्या व्यवस्थापकाला आता तीन निर्णय वेगवेगळे घेता येतात: वाटा कोणाच्या नावे, मर्यादा कुठे, आणि घाई कोणाला.