शेवळे
शेवळे किंवा शेवळं (शास्त्रीय नाव: अमॉर्फोफॅलस कॉम्युटेटस) ही सुरणाच्या कुळातील रानभाजी आहे. पावसाळ्याच्या प्रारंभी कंदातून पानांआधी फुलोऱ्याचा कोंब वर येतो. तो उमलण्यापूर्वी खुडून भाजीसाठी वापरतात. ठाणे, पालघर व रायगड जिल्ह्यांतील आदिवासी स्त्रिया शेवळ्यांच्या जुड्या बाजारात विकतात.

शेवळ्यांतील कॅल्शियम ऑक्झलेटच्या स्फटिकांमुळे घशाला खाज सुटते. म्हणून आतील पिवळा भाग काढून टाकतात आणि काकड या आंबट फळांचा रस किंवा चिंच घालून भाजी पूर्ण शिजवतात. चांद्रसेनीय कायस्थ प्रभू कुटुंबांत ती कोळंबी किंवा खिमा घालूनही करतात.

फुलोराच खुडला गेल्याने त्या रोपाला बी धरत नाही. त्यामुळे प्रत्येक ठिकाणी काही कोंब राखून ठेवणे आवश्यक ठरते.