स्लीव्ह बसवायला ब्लॉक कुणाकडं द्यायचा?

आमच्या जुन्या तीन सिलेंडरच्या ट्रॅक्टरनं ऐन हंगामाच्या तोंडावर निळा धूर सोडायला सुरुवात केली. हेड उतरवलं तर बोअर झिजलेलं. फिटर म्हणाला, "दादा, स्लीव्हच बदला." आता ब्लॉक द्यायचा कुणाकडं?

आमच्या भागात हे काम शिकलं गेलं ते विहिरीवरच्या इंजिनांवर. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली कुंडलजवळच्या माळावर कारखाना काढला, १९४६ला खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स आली. साताऱ्यात धनजीशा कूपरांचा कारखाना होता. हेच कूपर १९३७ साली थोडे महिने मुंबई इलाख्याचे पंतप्रधानही होते. विहिरीविहिरीवर इंजिन आलं, तसा तालुक्याच्या गावी लेथ आला. कोल्हापूरच्या उद्यमनगरात तर गल्लीच्या गल्ल्या या कामाच्या.

पण ती बरीचशी इंजिनं सावकाश चालणारी. विलायतेतलं लिस्टरचं सहा हॉर्सपॉवरचं घ्या, बोअर साडेचार इंच आणि मिनिटाला फेरे फक्त ६५०. असलं इंजिन थोडंफार चुकलेलं काम पोटात घालतं. ट्रॅक्टर घालत नाही.

ट्रॅक्टरमध्ये दोन घराणी आली. फर्ग्युसन टीई २० मधल्या स्टँडर्डच्या इंजिनाला वेट लायनर, म्हणजे पाणी थेट लायनरला लागतं. एचएमटीनं १९७१ला पिंजोरला झेटर २५११ बनवायला घेतला, तोही वेट. असा लायनर चांगला फिटर शेडमध्येच बदलतो, फक्त खालची रबर रिंग आणि वरचा उठाव नीट बघावा लागतो. मॅसी फर्ग्युसन ३५ मधलं पर्किन्सचं ए३.१५२ मात्र ड्राय. तिथं पातळ स्लीव्ह ब्लॉकच्या भिंतीत घट्ट दाबून बसते आणि उष्णता त्या भिंतीतूनच पाण्याकडं जाते. ब्लॉकचं भोक गोल नसेल तर मागं पोकळी राहते, तेवढीच जागा तापते, पिस्टन धरतो. आमचा ट्रॅक्टर या घराण्यातला.

आबांना हा फरक कुणी सांगितला नव्हता. नव्वदच्या दशकात त्यांनी ब्लॉक जवळच्याच एका लेथवर दिला. हात चांगला, पण सगळा इंजिनावर बसलेला. भोक मापलं नाही, स्लीव्ह हातोडीनं ठोकली. पुढच्याच रब्बीत नांगरताना दोन नंबरचा पिस्टन धरला. दुरुस्तीला पाडी विकावी लागली. आई आजही तिचं नाव घेते.

म्हणून यंदा तीन ठिकाणी फिरलो. पहिला म्हणाला, ठेवून जा, परवा न्या. कुठला ट्रॅक्टर, तेही विचारलं नाही. दुसऱ्याकडं मशीन झकास नवं, पण मापायला व्हर्नियर. तिसऱ्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी आधी ब्लॉक धुवायला लावला, मग डायलचं बोअर गेज घालून वर, मध्ये, खाली, उभं आणि आडवं मापलं. आकडे खडूनं ब्लॉकवरच लिहिले. दोन नंबरपाशी थांबले, काठावरून अंगठा फिरवला. "हितं कुणीतरी हातोडा मारलाय बघा."

मी काही बोललो नाही.

म्हणाले, "स्लीव्ह आधी आणून द्या, तिचं माप घेतल्याबिगर भोक पाडणार नाही. पिस्टन पण आणा. स्लीव्ह प्रेसवर दाबायची, मग पिस्टनच्या मापानं बोअर आन् होनिंग." पैसे पहिल्याच्या दीडपट, वर दहा दिवस थांबायचं. ब्लॉक त्यांच्याकडंच ठेवून आलो. हरभरा यंदा भाड्याच्या ट्रॅक्टरनं पेरतोय.