तांब्याभर पाणी

जन्मभर मुलांना गुण देत आल्यामुळे प्रत्येक गोष्टीचे माप काढण्याची मला खोड आहे. गेल्या वैशाखात आमच्या गंगापुरातल्या एका शेजाऱ्यांपुढे मात्र ती चालली नाही. मूत्रपिंडे निकामी झाल्यामुळे ते आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जातात. प्रकृती विचारली, तर म्हणाले, "रिपोर्ट चांगला आलाय, गुरुजी. पण तांब्याभर पाणी एका दमात प्यावं वाटतं." गोदावरीच्या तालुक्यातला माणूस, आणि पाणी घोटाने मोजतो! हे दुःख कोणत्या रकान्यात मांडावे?

वैद्यकालाही हा प्रश्न उशिराच पडला. 1943 साली हॉलंडात विलेम कोल्फ यांनी कृत्रिम मूत्रपिंड चालविले. पण दर खेपेस नवी रक्तवाहिनी उघडावी लागे. 1960 साली सिएटलच्या बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी रुग्णाच्या हातात कायमची नळी बसविली, आणि क्लाइड शील्ड्स हा कारागीर त्यानंतर अकरा वर्षे जगला. किती जगला, एवढेच तेव्हा माप होते.

आपल्याकडे याची आठवण मुंबईच्या जसलोक रुग्णालयाशी जडलेली आहे. 1975 साली, आणीबाणीच्या कैदेत असताना, जयप्रकाश नारायण यांची मूत्रपिंडे निकामी झाली. सुटकेनंतर ते जसलोकमध्ये आले आणि उरलेले आयुष्य डायलिसिसवर काढले. त्याच देहाने 1977 साली त्यांनी निवडणुकीचा प्रचार केला. देशात सत्तांतर झाले. 1979च्या मार्चमध्ये तर संसदेत त्यांच्या निधनाची वार्ता सांगितली गेली, आणि जयप्रकाश इकडे मुंबईत जिवंत! ते गेले त्याच वर्षी 8 ऑक्टोबरला, पाटण्यात. रक्तातल्या क्रिएटिनिनच्या आकड्यावरून त्या चार वर्षांचे मोल कसे कळावे?

कर्करोग्यांसाठी डेव्हिड कार्नोफ्स्की यांनी 1940च्या दशकात शून्य ते शंभर अशी पट्टी आखली होती. तीच पुढे डायलिसिसच्या रुग्णांना लावली गेली. पण गुण देणारे डॉक्टरच. 1994 साली अमेरिकेत 'केडीक्यूओएल' ही प्रश्नावली निघाली, तीत पेन रुग्णाच्या हाती आले. पाण्याचे बंधन किती जाचते? कामाला, प्रवासाला किती अडते? घरच्यांवर आपला भार होतो असे वाटते का?

एका जुन्या विद्यार्थ्याकडून त्यातले काही प्रश्न मराठीत करून घेतले आणि शेजाऱ्यांना वाचून दाखविले. पाण्याच्या प्रश्नावर ते खुलून हसले. "हे कुणीतरी विचारलं म्हणायचं!" घरच्यांवरच्या भाराचा प्रश्न आला, तेव्हा त्यांनी स्वयंपाकघराकडे पाहिले. आत भांड्यांचा आवाज थांबला होता.

"हा जरा हळू वाचा, गुरुजी," ते म्हणाले.