पाहुण्यासाठी बांधलेले घर

छोट्या, कल्पकतेने घडवलेल्या हॉटेलांचा इतिहास सांगताना सुरुवात न्यूयॉर्कपासून करण्याची रीत पडली आहे. १९८४ मध्ये इयान श्रेगर आणि स्टीव्ह रुबेल यांनी मॅडिसन अॅव्हेन्यूवर मॉर्गन्स हे हॉटेल काढले, त्याची अंतर्गत रचना आंद्रे प्युतमाँ यांनी केली, आणि 'बुटीक हॉटेल' हे नाव जगभर पसरले. हा इतिहास खराच आहे. पण मराठी वाचकाला या विषयात घेऊन यायचे तर मला दुसरे दार जवळचे वाटते: कलबुर्गी जिल्ह्यातल्या आळंद तालुक्यातले निंबर्गा. नाव घ्यावे असे बुटीक हॉटेल तिथे नाही. तरीही असे हॉटेल कशातून उभे राहते, कशामुळे खोटे पडते आणि त्याने कोणती जबाबदारी घ्यायला हवी, हे सगळे शिकण्याजोगे त्या टापूत आहे.

आळंद तालुका एका अंगाला अक्कलकोटला आणि दुसऱ्या अंगाला उमरग्याला लागून आहे. १९५६ पर्यंत गुलबर्गा (म्हणजे आजचे कलबुर्गी), बीदर आणि मराठवाडा हे सगळे हैदराबाद राज्यात होते. महाराष्ट्र-कर्नाटकामधली नकाशावरची रेघ नंतर पडली. घरे बांधायची पद्धत, ज्वारीची भाकरी आणि सोयरिकी रेघेच्या दोन्ही बाजूंना तशाच राहिल्या. काळी जमीन, तुरीची शेते, मे महिन्यात चाळिशी ओलांडणारे ऊन. दक्षिणेला भीमा-अमरजेच्या संगमावर गाणगापूर, पूर्वेला बहमनींची पहिली राजधानी गुलबर्गा, ईशान्येला दुसरी राजधानी बीदर, आणि उत्तरेला, फार लांब नाही, किल्लारी. या चारही दिशा पुढे येणार आहेत.

या क्षेत्रात नव्याने येणाऱ्याने एक प्रश्न कायम जवळ बाळगावा. समोरची इमारत उचलून दोनशे किलोमीटरवर नेऊन ठेवली, तर तिचे काय बिघडेल? काहीच बिघडणार नसेल, तर भिंतीवरची वारली चित्रे, दारातले तुळशीवृंदावन आणि फेटा बांधलेला दरवान हा सगळा नुसता साज आहे. श्रीलंकेचे वास्तुविशारद जेफ्री बावा यांना सिगिरियाच्या पायथ्याजवळची जागा हॉटेलासाठी देऊ केली होती. त्यांनी ती नाकारली आणि काही मैलांवरच्या कंदलमा तलावाकाठचा कडा निवडला. १९९४ मध्ये उघडलेले ते हॉटेल त्या कड्याला बिलगून लांबच लांब पसरले आहे. खडक थेट आत येतो, वेलींनी दर्शनी भाग झाकून टाकला आहे, आणि सिगिरिया पाण्यापलीकडे दुरून दिसतो. ही इमारत दुसरीकडे ठेवताच येणार नाही. बांधकामाआधी तिथल्या भिक्खूंनी आणि गावकऱ्यांनी तळ्याच्या पाण्याच्या काळजीने विरोध केला होता, तोही अभ्यासात तितकाच आला पाहिजे. आपल्याकडे गोव्यात चार्ल्स कोरिया यांचे दोना पावलाजवळचे 'सिदाद द गोवा' पाहा. भिंतींवर रंगवलेल्या फसव्या खिडक्या-दारांची चर्चा जास्त होते, पण ती चित्रे कुठेही रंगवता आली असती. उतारावरून समुद्राकडे उतरत जाणारी चौक-गल्ल्यांची मांडणी मात्र तिथलीच.

आता हाच प्रश्न आळंद-निंबर्ग्याकडच्या जुन्या घराला विचारू या. दगड-मातीची दोन-अडीच हात रुंद भिंत. आत लाकडी खांबांवर तुळया, तुळयांवर आडवी लाकडे, त्यांवर काड्यांचा आणि पाल्याचा थर, आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर चोपून बसवलेला: हे माळवद. पावसाळ्यापूर्वी त्यावर नवी माती चढवायची, पन्हाळी मोकळ्या करायच्या. मधोमध साणे, त्यातून उजेड आत येतो आणि चुलीचा धूर बाहेर जातो. दारातून शिरल्याबरोबर ढाळज, तिथे आल्यागेल्याची बैठक. धान्याला भिंतीत बळद, जमिनीत पेव. यातले काहीही शोभेसाठी नाही. एवढ्या मातीतून दुपारचे ऊन आत झिरपायला रात्र होते, आणि तोवर घरातली माणसे वर माळवदावर झोपायला गेलेली असतात. ही इमारत कोकणात नेली तर पहिल्या पावसातच बसेल. तिथल्या पावसाला कौलांचा उतार लागतो. इथल्या कोरड्या, तापणाऱ्या पठाराला सपाट मातीचे छप्पर मानवते. आज ज्याला 'परिसराला साजेशी रचना' म्हणून पुरस्कार दिले जातात, ती इथल्या गवंड्यांची रोजची विद्या होती.

इथे थांबून कौतुक करणे सोपे आहे, आणि पुष्कळ लेखन तिथेच थांबते. मला ते मान्य नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला आणि लातूर-उस्मानाबादच्या गावांत सुमारे ८,००० माणसे गेली. ती गेली ती मुख्यतः याच दगड-मातीच्या भिंतींखाली आणि याच माळवदांच्या मातीखाली. वर्षानुवर्षे थरावर थर चढून छप्पर जड झाले होते, भिंतीच्या आतल्या आणि बाहेरच्या दगडी पडद्यांना जोडणारे लांब दगड नव्हते, कोपरे एकमेकांत गुंफलेले नव्हते. त्यानंतर लोकांनी दगडाचा धसका घेतला. नवी घरे सिमेंटची आणि पत्र्याची झाली, आणि उन्हाळ्यात त्यांत बसवत नाही हे माहीत असूनही कुणी मागे वळून पाहिले नाही. त्यांना दोष कोण देणार?

म्हणून या टापूत माळवदाचे हॉटेल करू पाहणाऱ्याने आधी किल्लारीचे अहवाल वाचावेत, मग नक्षीदार खांब शोधायला निघावे. भिंतीत आरपार जाणारे दगड घालता येतात, दारांच्या वरून सगळ्या भिंतींना बांधणारा काँक्रीटचा पट्टा फिरवता येतो, मातीचा थर पातळ ठेवून त्याखाली हलके उष्णतारोधक घालता येते. पाहुण्याला जुन्या घराचा गारवा द्यायचा आणि रात्री त्याच्या डोक्यावरचे ओझे कमी करायचे, ही या क्षेत्रातली सर्वांत अवघड आणि सर्वांत सुंदर समस्या आहे असे मी मानतो. वास्तुकलेच्या विद्यार्थ्याने यावर आयुष्य घालवले तरी ते वाया जाणार नाही.

साहित्याच्या बाबतीत या प्रदेशाने महाराष्ट्राला किती दिले आहे, याची आपल्याला जाण नसते. शाळेच्या व्हरांड्यात, चाळीच्या जिन्यात, आजोळच्या स्वयंपाकघरात जी शहाबादी फरशी आपण पाहिली, ती कलबुर्गी जिल्ह्यातल्या शहाबादची आणि आसपासच्या खाणींची. हा थराथरांचा चुनखडक आहे, म्हणून सपाट लादी सुटते. उन्हाळ्यात अनवाणी पायाला तिचा गारवा कळतो. आता त्याच जिल्ह्यातल्या नव्या लॉजमध्ये चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल दिसते, तेव्हा वाईट वाटते.

बीदरकडे वळले की मातीचा प्रश्न आणखी रंगतो. बिदरी कामासाठी जस्तात थोडे तांबे मिसळून वाळूच्या साच्यात भांडे ओततात. कानशीने ते गुळगुळीत करतात, मोरचुदाच्या पाण्याने तात्पुरते काळे करतात म्हणजे कोरताना रेघ स्पष्ट दिसते. कोरलेल्या खाचांत चांदीची तार ठोकून बसवतात. मग किल्ल्यातली माती आणि नवसागर एकत्र करून त्या गरम द्रावात भांडे धरतात: जस्त काळेभोर होते, चांदी तशीच पांढरी राहते, आणि तेलाचा हात फिरवला की नक्षी उठून येते. कारागीर माती किल्ल्यातलीच घेतात; ऊनपावसापासून वर्षानुवर्षे झाकून राहिलेल्या जागेची. या कलेला २००६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि तिचे ज्येष्ठ कारागीर शाह रशीद अहमद कादरी यांना २०२३ मध्ये पद्मश्री. काळ्यावर पांढऱ्याची हीच ओढ बीदरच्या किल्ल्यातल्या रंगीन महालात दिसते. तिथे बरीदशाही काळात काळ्या दगडात शिंपले जडवले आहेत. या दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून पाहिल्याशिवाय खोलीच्या भिंतीचा रंग ठरवू नये.

पण बिदरीची फुलदाणी टेबलावर ठेवली म्हणजे झाले का? इथे महेश्वर आणि सावंतवाडी ही दोन मराठी घराण्यांची उदाहरणे फार शिकवतात. महेश्वरला रिचर्ड आणि सॅली होळकर यांनी १९७९ च्या सुमारास रेहवा सोसायटी सुरू केली आणि माघारलेले माग पुन्हा चालू केले. अहिल्याबाईंच्या किल्ल्यातले हॉटेल आले ते २००० मध्ये. सावंतवाडीत शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी सत्तरच्या दशकात गंजिफा आणि लाखकाम सावरले, राजवाड्यात पाहुणे राहायला लागले ते कित्येक वर्षांनी. दोन्हीकडे हात आधी जगले, हॉटेल मागून आले. हा क्रम मला निर्णायक वाटतो. हॉटेल आधी उभे राहिले की कारागीर त्याच्या सजावटीचा पुरवठादार होतो, आणि हंगाम संपला की त्याची मागणीही संपते. सरकारने बीदरजवळ विलासपूरच्या तळ्याकाठी काळवीट पाहायला येणाऱ्यांसाठी जंगल लॉज काढला आहे. रेल्वे आणि विमानतळही आले. प्रवासी वाढतील. गल्लीतल्या बिदरी कारखान्यांची घडी त्याआधी नीट बसायला हवी.

आतिथ्याची या भागाची स्वतःची शाळा आहे, आणि हॉटेलव्यवसायाचे अभ्यासक तिच्याकडे फारसे पाहत नाहीत. गाणगापूर कन्नड मुलखात आहे, पण तिथे येणाऱ्या कित्येकांच्या हातात मराठी गुरुचरित्र असते. दुपारी पाच घरी माधुकरी मागायची तिथली रीत पाहुणा आणि यजमान यांचे नाते उलटेपालटे करते: मुंबईहून गाडीने आलेला माणूस झोळी घेऊन दारात उभा राहतो आणि घरची बाई त्याला भाकरी वाढते. गुलबर्ग्याच्या बंदेनवाज दर्ग्यातही आलेल्याची सोय पाहण्याची परंपरा जुनी आहे. हुमणाबादजवळच्या माणिकनगरात माणिकप्रभूंच्या संस्थानाकडे सर्व पंथांचे लोक येत आले. ताटात तूर, शेंगांची चटणी, भरल्या वांग्याची भाजी, कडक भाकरी. अंगावर वाकळ किंवा कौदी. हे सारे पैसे न घेता, किंवा नाममात्र पैशांत, शतकानुशतके चालले. त्यातले किती विकायला ठेवावे आणि किती राखून ठेवावे, यावर माझे मत पक्के आहे: माधुकरीचा 'अनुभव' कुणीही पॅकेजमध्ये बसवू नये.

आणि वाड्यांबद्दलचा एक मुद्दा राहून गेलेला चालणार नाही. ज्या ढाळजेचे मी वर्णन केले, तिथे गावातल्या प्रत्येकाला बसता येत नव्हते. काहींना दाराबाहेरच उभे राहावे लागे, पाणी वरून ओतले जाई. भिंती बांधणारे, दगड फोडणारे वडार, माती वाहणाऱ्या बायका यांतले बहुतेक त्या भिंतींच्या आत पाहुणे म्हणून कधी शिरले नाहीत. वाडा जतन करताना ही व्यवस्थाही आपोआप जतन होऊ नये. स्वयंपाकघर कोणाच्या हाती आहे, मालकीत वाटा कोणाचा, पाहुण्यांच्या खोलीसाठी उपसलेल्या बोअरवेलमुळे शेजारच्या शेताचे पाणी खाली जाते का, हे प्रश्न रंगसंगतीइतकेच या विषयाचे आहेत.

तुम्ही वास्तुकलेचे विद्यार्थी असाल, इतिहासाचे असाल, किंवा गावाकडचा पडका वाडा सावरून चार खोल्या काढाव्यात असे मनात असेल, तर या क्षेत्रात तुमची गरज आहे. इथे अजून प्रस्थापित पीठे तयार झालेली नाहीत. गुलाम यझदानी यांनी १९४७ मध्ये बीदरच्या इमारतींवर मोठा ग्रंथ लिहिला. पण या टापूतल्या साध्या घरांना तसा अभ्यासक अजून मिळायचा आहे. सुरुवात फार थोड्या सामानात होते. मे महिन्यात एक तापमापक घ्या, एका माळवदाच्या घरात आणि शेजारच्या स्लॅबच्या घरात सकाळ, दुपार, मध्यरात्र नोंदी ठेवा. भिंतीची रुंदी मोजा, मातीचा थर मोजा, भिंतीत जोडदगड आहेत का ते पाहा. मग गावातला सर्वांत जुना गवंडी गाठा. माळवद घातलेले हात आता म्हातारे झाले आहेत. कोणता पाला खाली घालायचा, माती कुठल्या टेकाडाची आणायची, किती दिवस चोपायची, हे त्याला विचारा, आणि प्रत्येक गोष्टीचे कन्नड नाव आणि मराठी नाव दोन्ही लिहून घ्या.