बंबखान्याची वास्तू

पाथरी-मानवतच्या बाजूला फाल्गुन लागला म्हणजे शेतात कडब्याच्या गंजी उभ्या असतात. कुणाच्या माळवदाखाली विकायचा राहिलेला कापूस असतो. ऊन तर असे, की ठिणगीला निमित्तच हवे. अशा वेळी कुठे आग लागली, तर पहिला प्रश्न येतो, "बंब निघाला का?" हा बंब जिथून निघतो, त्या बंबखान्याविषयी आज चार शब्द बोलू.

वखार मालासाठी बांधतात, वाडा राहण्यासाठी. मग बंबखाना कशासाठी? गाडी ठेवायला, असे आपण म्हणू. पण गाडी साध्या पत्र्याच्या छपराखालीही राहील. बंबखाना बांधतात तो वेळ वाचवण्यासाठी. एवढे ध्यानात ठेवले, की त्या इमारतीची वीट न् वीट आपल्याशी बोलू लागते.

पूर्वी बंब घोडे ओढीत. त्यामुळे खाली गाडी व तबेला, आणि वर वैरण व माणसांची निजायची जागा, अशी मांडणी असे. जिन्याने उतरण्यात वेळ जाई. अमेरिकेतील शिकागो शहरात १८७८ साली वैरणीच्या माळ्यावरचा एक जवान तिथल्याच खांबावरून सरसर घसरत खाली आला. ते पाहून डेव्हिड केन्यन नावाच्या त्यांच्या नायकाने पक्का खांबच बसवून घेतला. पुढे तो जगभर गेला. आपल्याकडे मुंबईत १८८८ च्या कायद्याने आगीपासून रक्षणाचे काम महानगरपालिकेकडे आले. पुढे घोडे गेले, मोटारीचे बंब आले, आणि इमारतही बदलली.

आजचा बंबखाना पाहा. गाड्यांची दालने थेट रस्त्याकडे तोंड करून असतात. दारे रुंद आणि उंच, म्हणजे बंब मागेपुढे न करता एका दमात बाहेर पडावा. दारापुढे फरसबंद अंगण, तेही रस्त्याकडे किंचित उतरते. गाड्यांच्या शेजारीच वर्दी घेण्याची खोली, तिथे रात्रंदिवस माणूस जागा. जवानांची घरे आवारातच. पाण्याचा हौद तिथेच. आणि तो उंच मनोरा? तो शोभेचा नव्हे. पूर्वीचे कापडी होज भिजले, की त्यात टांगून वाळवीत. त्याच मनोऱ्यावर शिडी लावून चढण्या-उतरण्याची कवायतही होते.

म्हणजे घंटा वाजल्यापासून बंब निघेपर्यंतचा वेळ इमारत वाचवते. पण घंटा वाजण्याआधीचा वेळ? तो कोणतीही इमारत वाचवू शकत नाही.

१४ एप्रिल १९४४ ची गोष्ट. मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' जहाज उभे होते. पोटात कापसाच्या गाठी आणि दारूगोळाही. धूर शेजारच्या जहाजांवरील लोकांना आधीच दिसला होता. पण बंबाला वर्दी पोहोचली, तेव्हा दुपारचे दोन वाजून गेले होते. जवान धावून आले, पाणी मारीत राहिले. चारच्या सुमारास जहाज फुटले. अग्निशमन दलाचे ६६ जवान त्यात गेले. म्हणूनच १४ एप्रिल हा दिवस देशभर त्यांच्या स्मरणार्थ पाळतात.

स्वातंत्र्यानंतर अग्निशमनाचे शास्त्रशुद्ध शिक्षण देणारे राष्ट्रीय महाविद्यालय निघाले, आणि १९५७ साली ते नागपुरास आले. शहरात बंब पाच ते सात मिनिटांत पोहोचावा आणि खेड्यात वीस मिनिटांत, असे प्रमाणही देशात ठरले. पण वीस मिनिटांत कडब्याच्या गंजीचे काय उरते, हे आपल्याला सांगायला नको.

तेव्हा मंडळी, बंबखाना तालुक्याला असला, तरी त्याची शिस्त गावात हवी. गंज घरापासून आणि विजेच्या तारांपासून दूर रचावी. वेशीपासून आतपर्यंत एक वाट अशी राखावी, की तिथे बैलगाडी आडवी उभी राहणार नाही. पाणी कुठल्या विहिरीवर, कुठल्या हौदात, हे सर्वांना ठाऊक असावे. शिक्षक बंधुभगिनींनो, मुलांकडून गावाचा नकाशा काढून घ्या. त्यावर ती वाट आणि ते पाणी दाखवा, आणि १०१ हा आकडा पाठ करून घ्या. धूर दिसताच वर्दी देणारे एखादे पोरही त्या मोठ्या इमारतीचेच काम करीत असते.