पथ्य, शस्त्र आणि एक आकडा

साठी उलटल्यावर विल्यम बँटिंग जिना पाठमोरा उतरू लागला. समोर तोंड करून उतरलं, तर सगळा भार गुडघ्याघोट्यांवर येई. बुटाची नाडी बांधायला वाकणं तर केव्हाच बंद झालं होतं. हा काही ऐदी माणूस नव्हता. लंडनमध्ये त्याच्या घराण्याचा अंत्यविधींची व्यवस्था पाहण्याचा प्रतिष्ठित धंदा होता. राजघराण्यातल्या अंत्ययात्रा त्यांच्याकडे असत, 1852 मध्ये ड्यूक ऑफ वेलिंग्टनला निरोप देण्याचं कामही त्यांनीच पाहिलं. बँटिंगची उंची पाच फूट पाच इंच आणि वजन 202 पौंड, म्हणजे साधारण 92 किलो. कुणी सांगितलं म्हणून तो पहाटे नदीवर होडी वल्हवायला गेला, तर भूक वाढली आणि भुकेपाठोपाठ वजनही. तुर्की हमाम झाले, औषधी पाण्याची गावं झाली. अखेर ऐकू कमी येतं म्हणून 1862 मध्ये तो विल्यम हार्वी या कानाच्या डॉक्टरकडे गेला, आणि गुण आला तो पोटाला.

हार्वी पॅरिसला जाऊन क्लोद बेर्नार या शास्त्रज्ञाची यकृत आणि मधुमेहावरची व्याख्यानं ऐकून आला होता. मधुमेह्यांना जे वर्ज्य, तेच या लठ्ठ माणसाला वर्ज्य करून पाहावं, असा त्याने हिशेब केला. ब्रेड, लोणी, दूध, साखर, बिअर, बटाटे बंद. मांस, मासे, थोड्या भाज्या चालतील. रात्री ग्लासभर रेड वाइनही चालेल, पण शॅम्पेन नको. (असं पथ्य मिळालं तर कोण नाही म्हणेल!) वर्षभरात बँटिंगचं 46 पौंड वजन उतरलं. आनंदाच्या भरात त्याने 1863 मध्ये 'लेटर ऑन कॉर्प्युलन्स' ही पुस्तिका पदरच्या पैशाने छापून फुकट वाटली. तिच्यावर उड्या पडल्या, आवृत्त्या निघाल्या, भाषांतरं झाली. डाएटच्या पुस्तकांचा आजचा बाजार या पुस्तिकेपासून मोजायला हरकत नाही.

डाएटच्या इतिहासात एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. उंची-वजनाच्या आजच्या गणिताने, म्हणजे बीएमआयने, बँटिंग 33-34 च्या घरात येतो. लठ्ठ खरा, पण ज्यांच्यासाठी पुढे सुरी उचलली गेली त्यांच्या कितीतरी अलीकडचा. पथ्याच्या गाजलेल्या यशोगाथा बहुतेक अशाच माणसांच्या आहेत. पथ्य मोठं की शस्त्रक्रिया, हा वाद घालताना दोन वेगळ्या जातीच्या रोग्यांची तुलना आपण बेधडक करत असतो.

बँटिंगनंतर पथ्यात आकडेमोड शिरली. 1918 मध्ये लुलू हंट पीटर्स या अमेरिकी डॉक्टर बाईंनी पोळी-भाकरी न मोजता कॅलरी मोजायला शिकवलं आणि त्यांचं पुस्तक धडाक्याने खपलं. पण पथ्याला खरी वाट सापडली ती न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातल्या एका गृहिणीच्या दिवाणखान्यात. जीन नायडेचचं वजन 214 पौंड होतं. 1961 मध्ये ती शहराच्या आरोग्य खात्याच्या लठ्ठपणाच्या दवाखान्यात गेली. तिथलं पथ्य बरं होतं, पण ते सांगणाऱ्या बाईंपुढे खरं बोलायची तिला लाज वाटे. कारण घरी न्हाणीघरातल्या धुण्याच्या टोपलीत ती बिस्किटं लपवून ठेवत असे आणि रात्री उठून खात असे. शेवटी तिने सहा मैत्रिणींना घरी बोलावलं आणि हे कबूल करून टाकलं. मग त्याही आपापल्या लपवायच्या जागा सांगू लागल्या. पुढच्या आठवड्यात आणखी बायका आल्या. 1963 मध्ये 'वेट वॉचर्स' ही कंपनी उभी राहिली आणि 1978 मध्ये केचपवाल्या हाइन्झने ती सात कोटी डॉलरहून अधिक किंमत देऊन विकत घेतली. नायडेचने पथ्य स्वतःचं शोधलं नव्हतं, ते सरकारी दवाखान्याचंच होतं. तिने शोधली ती बैठक. भजनी मंडळ चालवणाऱ्या कुणालाही तिची युक्ती लगेच कळेल.

पण कबुली देऊन, वजनकाट्यावर उभं राहूनही गेलेलं वजन परत का येतं? याचं उत्तर मिनेसोटा विद्यापीठात आधीच मिळालं होतं. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस ॲन्सेल कीझ यांनी तिथल्या फुटबॉल स्टेडियमखालच्या प्रयोगशाळेत 36 तरुणांना 24 आठवडे अर्धपोटी ठेवलं. युद्धात शस्त्र धरायला नकार देणारी ही धडधाकट मुलं स्वखुशीने आली होती. युरोपातल्या उपाशी जनतेला पुन्हा कसं खाऊ घालावं, हे कीझना शिकायचं होतं. मुलांचं वजन जवळजवळ चौथाईने घटलं. ती ताटं चाटू लागली, पाककृतींची पुस्तकं जमवू लागली, चिडचिडी झाली, थंडीने कुडकुडू लागली. पुढे पोटभर मिळू लागल्यावरही कित्येकांची भूक शमेना आणि आधीपेक्षा जास्त चरबी अंगावर चढली. वजन उतरलं की शरीर खर्च कमी करतं आणि भूक वाढवतं. त्यात चारित्र्याचा प्रश्न येतोच कुठे?

योगायोग असा, की लठ्ठपणावरच्या शस्त्रक्रियेची एक अगदी सुरुवातीची नोंदही मिनेसोटातलीच आहे. 1954 मध्ये क्रेमेन, लिनर आणि नेल्सन या शल्यविशारदांनी लहान आतड्याचा बराचसा भाग वळसा घालून वगळण्याची पद्धत मांडली. अन्न पोटात जाईल, पण अंगी लागणार नाही, असा बेत. पुढे कॅलिफोर्नियातल्या पेन आणि डीविंड यांनी 1969 मध्ये तिचं माप ठरवलं. लहान आतड्याच्या सुरुवातीचे 14 इंच शेवटच्या 4 इंचांना जोडायचे. सुमारे वीस फुटांच्या आतड्यातलं दीड फूट कामाला, बाकीचं पोटातच पण बेकार. वजन झपाट्याने उतरे यात शंका नाही. त्यासोबत न थांबणारे जुलाब येत, मूतखडे होत, सांधे धरत, काहींचं यकृत निकामी होऊन ते दगावत. हजारो लोकांवर ही शस्त्रक्रिया झाल्यावर 1980 च्या आसपास ती मागे पडली आणि कित्येकांची आतडी पुन्हा उघडून पूर्ववत जोडावी लागली. शस्त्रक्रियेचं नाव काढताच घरातली वडीलधारी माणसं आजही दचकतात, त्याचं मूळ असल्या काळात आहे.

पथ्याची बाजू या काळात धुतल्या तांदळासारखी होती, असंही नाही. 1976 मध्ये 'लास्ट चान्स डाएट' नावाचं पुस्तक अमेरिकेत गाजलं. जेवण पूर्ण बंद करून दिवसभर फक्त द्रवरूप प्रोटीन घ्यायचं. हे प्रोटीन जनावरांच्या कातड्या आणि स्नायुबंध यांसारख्या कत्तलखान्यातल्या उरल्यासुरल्या मालापासून बनवलेलं. वर्ष-दोन वर्षांत असल्या आहारावर असलेल्या पन्नासहून अधिक लोकांच्या मृत्यूची नोंद झाली. बऱ्याच जणांची हृदयक्रिया अचानक थांबली होती. टाका नाही म्हणजे धोका नाही, ही समजूत तेव्हाच निकालात निघायला हवी होती.

शस्त्रक्रियेला शिस्त लावली ती आयोवातल्या एडवर्ड मेसन यांनी. अल्सरसाठी जठराचा मोठा भाग काढलेले रोगी बारीक होतात आणि तसेच राहतात, हे त्यांनी पाहिलं होतं. 1966 मध्ये चिकाशी इतो यांच्यासोबत त्यांनी जठराचा वरचा छोटा कप्पा वेगळा करून तो थेट लहान आतड्याला जोडला. आजच्या गॅस्ट्रिक बायपासचा पूर्वज तो हाच. नंतरच्या काळात कप्पा लहान होत गेला, जोडणी बदलली, आणि 1994 मध्ये विटग्रोव्ह आणि क्लार्क यांनी हीच शस्त्रक्रिया दुर्बिणीतून केल्याचं प्रसिद्ध केल्यावर पोटावरचा वीतभर छेदही गेला. पुढे जठराचा मोठा भाग कापून केळ्याच्या आकाराची नळी ठेवणारी 'स्लीव्ह' आली आणि जगभर तीच सर्वांत जास्त केली जाऊ लागली.

आता शीर्षकातल्या आकड्याकडे येऊ. 1832 मध्ये ब्रसेल्सच्या अडोल्फ केटले या खगोलशास्त्रज्ञाने माणसांच्या अंगकाठीचं गणित मांडताना वजनाला उंचीच्या वर्गाने भागण्याचं सूत्र सुचवलं. रोगनिदान त्याच्या डोक्यातही नव्हतं. 1972 मध्ये त्या सूत्राला 'बॉडी मास इंडेक्स' हे नाव दिलं ते याच कीझ यांनी, तेही लोकसमूहांच्या अभ्यासासाठी. पण मार्च 1991 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने तज्ज्ञांची परिषद बोलावली आणि तिने रेषा आखली. बीएमआय 40 च्या वर असेल, किंवा 35 च्या वर असून सोबत गंभीर आजार असेल, तर शस्त्रक्रियेचा विचार व्हावा. त्याखालच्यांनी पथ्यच करावं. पथ्य की शस्त्रक्रिया हा प्रश्न तोवर डॉक्टर आणि रोगी यांच्यातला होता. आता तो पुष्कळसा कॅल्क्युलेटरने सोडवला.

पथ्य आणि शस्त्रक्रिया, दोन्ही वाटांनी पुढे काय झालं, याचा एक मोठा ताळेबंद स्वीडनमध्ये 1987 पासून मांडला जात होता. लार्स शोस्त्रॉम यांच्या अभ्यासात दोन हजारांवर लोकांनी शस्त्रक्रिया करून घेतली आणि जवळपास तितक्याच लोकांनी नेहमीचे उपचार घेतले. कुणाला काय द्यायचं याच्या चिठ्ठ्या टाकता आल्या नाहीत. शस्त्रक्रियेतल्या मृत्यूंची धास्ती तेव्हा एवढी होती, की नीतिसमित्यांनी परवानगी नाकारली, त्यामुळे निवड ज्याची त्याने केली. दहा वर्षांनी बायपासवाल्यांचं वजन सरासरी 25 टक्क्यांनी कमी होतं, इतरांचं होतं तिथेच. 2007 मध्ये मृत्यूंचा हिशेब आला, त्यातही शस्त्रक्रियाच सरस ठरली. इतक्या मोठ्या शरीरांबाबत पथ्याचे गोडवे गाणाऱ्यांकडे या आकड्यांना उत्तर नाही.

मधुमेहाने तर वादाचं रूपच पालटलं. अमेरिकी शल्यविशारद वॉल्टर पोरीस यांनी 1995 मध्ये दाखवलं, की बायपास झालेल्या मधुमेह्यांपैकी शंभरात ऐंशीहून अधिक जणांची साखर ताळ्यावर आली, आणि तीही बरंचसं वजन उतरण्याच्या आधी, काही दिवसांतच. आतड्यांतून सुटणारी संप्रेरकं यामागे आहेत, हे नंतर उलगडलं. पण पथ्यानेही 2017 मध्ये आपली पत राखली. ब्रिटनमधल्या 'डायरेक्ट' चाचणीत काही महिने रोज साधारण 850 कॅलरींचा द्रव आहार घेतलेल्यांपैकी 46 टक्के लोक वर्षभरानंतर औषधांविना मधुमेहमुक्त होते. दुसऱ्या वर्षअखेर ते प्रमाण 36 टक्क्यांवर आलं. कीझच्या तरुणांना याचं नवल वाटलं नसतं.

महाराष्ट्रात हा विषय वेगळ्या वाटेने आला. लठ्ठपणा चरकसंहितेलाही ठाऊक होता. अतिस्थूल माणसाला जव, मूग, कुळीथ, मधपाणी द्यावं असं तिथे सांगितलं आहे. अलीकडे मात्र मराठी घरांत भांडण होतं ते दीक्षित की दिवेकर यावर. डॉ. श्रीकांत जिचकारांच्या व्याख्यानावरून प्रेरणा घेतलेले डॉ. जगन्नाथ दीक्षित म्हणतात, दिवसातून दोनदाच जेवा, 55 मिनिटांत उरका आणि 45 मिनिटं चाला. ऋजुता दिवेकर यांनी थोडं थोडं, दर दोन तासांनी आणि तुपासकट खायला सांगितलं. लग्नाच्या पंगतीत पहिला भात वाढण्याआधीच दोन तट पडत. शस्त्रक्रियेबद्दल मात्र चारचौघांत बोललं जात नसे. 2011 मध्ये नितीन गडकरी यांनी मुंबईत ती करून घेतली तेव्हा कुठे तिची चर्चा घराघरांत पोचली.

खरी गफलत आकड्यातच आहे, हे दाखवून दिलं पुण्याने. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी 2004 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचाच फोटो छापला. दोघांचाही बीएमआय 22.3, दोघेही दिसायला सडसडीत. पण युडकिन यांच्या अंगात 9.1 टक्के चरबी, तर याज्ञिकांच्या अंगात 21.2 टक्के. भारतीय शरीर बारीक दिसतानाच चरबी साठवतं आणि मधुमेह कमी वजनावर गाठतो. परक्या अंगाच्या मापाने शिवलेला अंगरखा आपल्याला बसायचा कसा?

शस्त्रक्रिया झाली की पथ्य सुटलं, हाही एक लाडका गैरसमज. आधी पातळ, मग वाटलेलं, मग मऊ अन्न, अशी आठवडेच्या आठवडे चढण असते. जेवताना पाणी नाही. प्रत्येक घासाला प्रोटीनचा हिशेब, आणि शाकाहारी घरात तो जमवताना मूग, दही, पनीर यांची रोजची ओढाताण. बायपासनंतर श्रीखंडाची वाटी संपवली, तर घाम, धडधड आणि मळमळ ठरलेली. लोह, कॅल्शियम, बी-12 ही औषधं बहुतेकांना जन्मभर. जो पथ्याला कंटाळून शस्त्रक्रियेकडे वळतो, त्याला त्याहून कडक पथ्याच्या हवाली केलं जातं.

मधल्या काळात तिसरा गडी आला तो भूक कमी करणाऱ्या इंजेक्शनचा. 2025 मध्ये टिर्झेपटाइड आणि वजनासाठीचं सेमाग्लुटाइड भारतात विकायला आलं, आणि त्याच वर्षी मे महिन्यात नायडेचबाईंच्या वेट वॉचर्सने अमेरिकेत दिवाळखोरीसाठी अर्ज केला.

आकडाही हलला आहे. 2022 मध्ये अमेरिकी आणि आंतरराष्ट्रीय शल्यसंघटनांनी 1991 ची रेषा खाली आणली. बीएमआय 35 असेल तर सोबत आजार नसला तरी शस्त्रक्रिया सुचवावी, आणि आशियाई लोकांना 27.5 पासूनच तो पर्याय द्यावा, असं त्या म्हणतात. भारतातली आरोग्यविम्याची भाषा मात्र जुनीच आहे. विमा नियामकाने 2019 मध्ये ठरवून दिलेल्या मजकुरात 40 किंवा त्याहून अधिक बीएमआय, अथवा 35 आणि सोबत ठरावीक गंभीर आजार, तेही सौम्य उपाय फसल्यावर, अशीच अट आहे. पाच फूट तीन इंच उंचीच्या बाईला नव्या शिफारशीनुसार 70 किलोच्या आसपासच हा पर्याय खुला होतो; विम्याचे पैसे हवे असतील, तर आजार असताना 90 आणि नसताना 102 किलोपर्यंत थांबावं लागतं. शस्त्रक्रियेची तारीख घेण्याआधी पॉलिसीतलं हे कलम काढून वाचा, आणि आजवर केलेल्या पथ्याची डॉक्टरांनी केलेली नोंद फाइलीत लावून ठेवा.